युद्धात बाजू बदललेला ऑफिसर: बचावाची केस उभी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॉच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाला मूट कोर्टमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात, बचावाची बाजू आलीय. देश काल्पनिक, युद्ध चालू आहे, एक मेजर शत्रूच्या हाती सापडतो आणि काही महिन्यांनी तोच मेजर शत्रूचा युनिफॉर्म घालून आपल्याच पलटणीसमोर उभा राहतो. युद्ध संपल्यावर पकडला जातो, कोर्ट मार्शल होतं. याला वाचवायचं कसं हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याला जास्त छळतोय: आझाद हिंदवाल्यांना आपण डोक्यावर घेतो आणि बाकी सगळ्या फितुरांना शिव्या घालतो, मग कोर्टात उभं राहून कुठल्या तोंडाने बोलायचं?

मी आर्मीच्या कायदा शाखेत होतो, आता बरीच वर्षं मुंबईत कोर्ट मार्शल आणि आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलची कामं करतो, त्यामुळे आधी कायद्याचं सांगतो आणि मग दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते तुझ्या बचावाचा धागा त्या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

पहिली गोष्ट, पळून जाणं वेगळं आणि पलीकडे जाणं वेगळं. सातारा-सांगलीकडचा जवान बहिणीच्या लग्नाला रजेवर येतो, घरी काहीतरी अडतं, परत जात नाही, मग युनिट त्याच्या जिल्ह्याच्या पोलिसांना अ‍ॅप्रिहेन्शन रोल, म्हणजे याला पकडून द्या असं पत्र, पाठवतं, ३० दिवस झाले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि कागदावर तो डेझर्टर होतो. ही माझी रोजची केस. यात सगळं भांडण मनात काय होतं यावर असतं, कायमचं सोडायचं होतं की फक्त उशीर झाला. घरी युनिफॉर्म जपून ठेवला होता का, ट्रंक युनिटमध्येच होती का, कुणाला फोन केला होता का, अशा बारीक गोष्टींवर आर्मी अ‍ॅक्टचं कलम ३८ लागणार की ३९ हे ठरतं. ३८ म्हणजे डेझर्शन आणि अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर असताना केलं तर थेट मृत्युदंडापर्यंत. ३९ म्हणजे नुसती बिनरजेची गैरहजेरी, तिची शिक्षा खूपच कमी.

तुझ्या मेजरची केस यापलीकडची आहे. आपल्याकडे असती तर कलम ३४ लागलं असतं, शत्रूसंबंधीचे गुन्हे. गढी किंवा चौकी शत्रूच्या हवाली करणं, शत्रूला बातम्या पुरवणं, पैसा-शस्त्रं-रसद पुरवणं, हे सगळं त्यात येतं, आणि त्यातच एक पोटकलम खास तुझ्या मेजरसाठी लिहिल्यासारखं आहे: युद्धकैदी झाल्यावर स्वखुशीने शत्रूची नोकरी केली किंवा त्याला मदत केली तर मृत्युदंड होऊ शकतो. शेजारचं कलम ३५ थोडं सौम्य आहे, निष्काळजीपणाने कैद झाला, किंवा कैदेतून परत येणं शक्य असून आला नाही, तर १४ वर्षांपर्यंत. सरकारी पक्ष तुला ३४ मध्ये ओढणार आणि तू केस ३५ कडे न्यायची, बचावाची अर्धी लढाई इथेच होते. शिवाय आर्मी अ‍ॅक्टमधली शत्रूची व्याख्या बघून ठेव, तिच्यात परक्या देशाचं सैन्यच नाही तर सशस्त्र बंडखोरही येतात, म्हणजे "ते राष्ट्र नव्हतंच, नुसती एक चळवळ होती" असं म्हणून सुटका होत नाही. सोबत युद्ध पुकारल्याचा चार्ज, पूर्वीचं इंडियन पीनल कोडचं १२१, आता भारतीय न्याय संहितेचं १४७.

प्रोसीजरमधले दोनतीन मुद्दे मुलं हमखास विसरतात. जनरल कोर्ट मार्शलमध्ये कमीत कमी पाच ऑफिसर बसतात आणि मृत्युदंडासाठी दोन तृतीयांश मतं लागतात, समरी जनरल कोर्ट मार्शल असेल तर तीनच सदस्य पण मग सगळ्यांचं एकमत लागतं. शिक्षा वरच्या अधिकाऱ्याने कन्फर्म केल्याशिवाय लागू होत नाही. आणि कलम १२२ ची मुदत, गुन्ह्यानंतर तीन वर्षं. डेझर्शन, फसवून भरती होणं आणि म्युटिनी यांना ती मुदत नाही, पण ३४ ला आहे! हे वाचून बचावाचा वकील खूश होतो आणि पुढचं पोटकलम वाचत नाही, तिथे लिहिलंय की युद्धकैदी म्हणून, शत्रूच्या मुलुखात किंवा अटक चुकवण्यात घालवलेला वेळ त्या तीन वर्षांत धरायचा नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मुदतीचा फायदा मागायचा त्याचाच सगळा काळ वजा होतो. समोरच्या टीमने हा मुद्दा काढला तर तयार राहा.

राजीनाम्याचं पण बघ. "माझ्या अशिलाने आधीच राजीनामा दिला होता" हा बचाव ऐकायला छान वाटतो पण लष्करात राजीनामा दिला म्हणून कोणी मोकळा होत नाही, तो मंजूर व्हावा लागतो. अमेरिकन यादवी युद्धात रॉबर्ट ली यांनी २० एप्रिल १८६१ ला राजीनामा दिला, तो मंजूर व्हायच्या आधीच व्हर्जिनियाच्या सैन्याची कमान घेतली होती, मंजुरी आली २५ ला. त्या मधल्या दिवसांत ते कायद्याने कोणाचे ऑफिसर होते यावर आजही वाद घालता येतो. तुझा मेजर तर कैदेत होता, तो राजीनामा देणार कोणाकडे? त्यामुळे त्या वाटेला जाऊच नको.

खरी वाट कैदेतून जाते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैद्याला जबरदस्तीने आपल्या सैन्यात घेणं हा गंभीर भंग आहे, आणि कैदी स्वतःहूनसुद्धा आपले हक्क सोडून देऊ शकत नाही. त्याआधी १९०७ च्या हेग नियमांतही शत्रूच्या माणसाला त्याच्याच देशाविरुद्ध लढायला लावायची मनाई होतीच. म्हणजे तुझ्या मेजरने कागदावर सही करून "मी स्वखुशीने आलो" असं लिहून दिलं असलं तरी त्या सहीमागे उपास होते का, मार होता का, एकट्याला कोंडलं होतं का, सोबतच्या जवानांना औषध बंद केलं होतं का, हे तू विचारू शकतोस. स्वखुशी सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षावर ढकल. तेवढं जमलं तरी खूप झालं.

आता लाल किल्ला, म्हणजे आझाद हिंदच्या ऑफिसरांवर दिल्लीत तिथे चाललेला खटला. तो ज्याने नीट वाचला नाही त्याने या विषयावर बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर भारतीय कैद्यांना वेगळं काढून उभं केलं, गोऱ्या ऑफिसरांना तिथे आणलंच नव्हतं, चाळीसेक हजार माणूस. ब्रिटिशांच्या वतीने कर्नल हंट बोलले आणि कैदी जपान्यांच्या स्वाधीन केले, जपान्यांच्या वतीने मेजर फुजिवारा बोलले आणि त्यांनी ते कॅप्टन मोहनसिंग यांच्या हवाली केले. मोहनसिंग १/१४ पंजाब पलटणीचे, डिसेंबर ४१ मध्ये मलायात कैद झालेले, पहिल्या आझाद हिंद फौजेचे प्रमुख. विचार कर, ज्या राजाच्या नावाने शपथ घेतली, त्याचाच माणूस माइकवर येऊन सांगतोय की आता यांचे हुकूम पाळा. मिठाला जागायचं म्हणजे कोणाच्या मिठाला, हा प्रश्न त्या मैदानावर प्रत्येकाच्या डोक्यात फिरत असणार.

५ नोव्हेंबर १९४५ ला खटला उभा राहिला तो तिघांवर, शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल, गुरुबक्षसिंग धिल्लन. सरकारकडून अ‍ॅडव्होकेट जनरल सर नौशेरवान इंजिनियर, बचावाला मुंबईचे भुलाभाई देसाई, सोबत सप्रू, काटजू, असफ अली, नेहरूही बऱ्याच वर्षांनी वकिलाचा गाऊन घालून आले. कोर्टात बसलेल्या सात ऑफिसरांपैकी तीन भारतीय होते. तिघांवर १२१ होतंच, शिवाय धिल्लनवर खुनाचा, सहगल आणि शाहनवाझवर खुनाला चिथावणी दिल्याचा चार्ज. भुलाभाईंनी काय केलं बघ. ते गेले नाहीत असं ते म्हणालेच नाहीत. जबरदस्ती झाली असंही नाही म्हणाले. त्यांनी सांगितलं की २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापूरला आझाद हिंदचं सरकार स्थापन झालं, काही राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली, त्याने रीतसर युद्ध जाहीर केलं, त्याच्या सैन्याला स्वतःचा कायदा होता, म्हणून ही दोन सैन्यांमधली लढाई, आणि लढाईत केलेल्या गोष्टींना घरच्या फौजदारी कायद्याच्या फुटपट्टीने मोजता येत नाही. पारतंत्र्यातल्या लोकांना स्वतःच्या सुटकेसाठी युद्ध करायचा हक्क आहे, राजा आणि देश वेगळे झाले की निष्ठा देशाकडे जाते.

३१ डिसेंबरला कोर्टाने हा मुद्दा मान्य केला नाही. तिघंही युद्ध पुकारल्याबद्दल दोषी. पण धिल्लन खुनातून सुटले, सहगलही सुटले, शाहनवाझ चिथावणीत दोषी ठरले. जन्मठेप, बडतर्फी, थकलेला पगार जप्त. आणि ३ जानेवारी १९४६ ला कमांडर-इन-चीफ ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली, बडतर्फी आणि पगारजप्ती ठेवली. म्हणजे कायद्याने केस हरली आणि माणसं घरी गेली.

लोक इथे थांबतात आणि म्हणतात जनतेच्या रेट्याने सुटले. रेटा होताच, मुंबईत त्याच वर्षी फेब्रुवारीत 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या नौसैनिकांनी संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका पण होती. पण वकील म्हणून मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पहिला खटला चालू असतानाच, नोव्हेंबरच्या शेवटी सरकारने धोरण बदललं, यापुढे नुसतं युद्ध पुकारलं म्हणून खटले नाहीत, ज्यांनी स्वतःच्या माणसांवर क्रूरपणा केला त्यांच्यावरच. पुढे कॅप्टन अब्दुल रशीद यांना सात वर्षं सक्तमजुरी झाली आणि ती माफ झाली नाही, कलकत्त्यात दंगली झाल्या तरी. कॅप्टन बुर्‍हानुद्दीन यांना फटके मारून माणूस मेल्याच्या केसमध्ये शिक्षा झाली. म्हणजे साम्राज्य स्वतःच कबूल करून बसलं की बाजू बदलणं हा गुन्हा आता कोणाला पटवता येणार नाही, पण बाजू न बदललेल्या कैद्याला मारणं हा गुन्हा कुठल्याही बाजूचा माणूस मान्य करेल.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. इतकी वर्षं हे कागद वाचून मला असं दिसलंय की बाजू बदललेल्या ऑफिसरचा निवाडा तो का गेला यावर जेवढा होतो त्यापेक्षा जास्त तो गेल्यावर मागे राहिलेल्या सोबत्यांशी कसा वागला यावर होतो. कोर्टातही आणि लोकांच्या मनातही.

कारण नकार देणारेही होते, आणि त्यांची नावं आपण विसरतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॅप्टन धारगळकर, थर्ड कॅव्हलरीचे, त्यांनी आणि कॅप्टन बधवार यांनी नाही म्हटलं, तर त्यांना पिंजऱ्यात कोंडून ठेवलं होतं. हेच धारगळकर लाल किल्ल्यात साक्षीला उभे राहिले आणि स्वतंत्र भारताच्या आर्मीत लेफ्टनंट जनरलपर्यंत गेले. हाँगकाँगला ५/७ राजपूतचे कॅप्टन मतीन अहमद अन्सारी, जपान्यांनी छळ छळ छळलं, फुटले नाहीत, ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना मारलं, मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. आता सांग, अन्सारी देशभक्त नव्हते? ते इंग्रजांचे हुजरे होते असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. आणि शाहनवाझ गद्दार होते असं म्हटलं तरी ऐकून घेणार नाही. दोघांना एकाच वेळी मान देता येतो, फक्त त्यासाठी "गेला की नाही" हा एकच प्रश्न विचारायचं थांबवावं लागतं.

मुंबईत राहणाऱ्या माणसाला तर हे रोज पायाखाली आहे. मंत्रालयाजवळचा, यशवंतराव चव्हाण सेंटरचा रस्ता म्हणजे जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. भोसले सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे, सँडहर्स्टला शिकलेले, रॉयल गढवाल रायफल्समध्ये लेफ्टनंट कर्नल, सिंगापूरला कैद झाले आणि पुढे आझाद हिंदचे चीफ ऑफ स्टाफ. १९५२ ला लोकसभेवर निवडून गेले, केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. ज्या कायद्याने ते गुन्हेगार होते तो कायदा नाव बदलून अजून आहे आणि त्यांच्या नावाच्या रस्त्याने रोज सरकारी अधिकारी त्या कायद्याच्या फायली घेऊन जातात. तिकडे ब्रीच कँडीचा जुना वॉर्डन रोड आता भुलाभाई देसाई रोड. निकाल लागल्यावर चार महिन्यांनी, मे १९४६ मध्ये भुलाभाई गेले, खटला चालू होता तेव्हाच प्रकृती ठीक नव्हती. त्या रस्त्यावर बस थांबते, लोक महालक्ष्मीला उतरतात, कोणाला विचारलं तर भुलाभाई कोण ते सांगता येत नाही.

आपल्याच इतिहासातलं १८०३ घे, मूटमध्ये कोणी वापरत नाही म्हणून सांगतोय. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींत फिरंगी ऑफिसर भरलेले. इंग्रजांशी युद्धाला तोंड फुटलं तशी त्यांचा गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला की शिंद्यांची नोकरी सोडून या, तुमच्या पगाराची सोय करतो. बरेच गेले. त्यातला ल्यूकन नावाचा एक, त्याने ४ सप्टेंबरला अलीगढच्या किल्ल्यावर हल्ला करणाऱ्या इंग्रज तुकडीला वाट दाखवली, थेट दरवाज्यापर्यंत नेलं, ज्या किल्ल्याचं मीठ खाल्लं त्याच किल्ल्याचा. त्याच वेळी जेम्स स्किनरही पलीकडे गेला पण त्याने अट घातली की शिंद्यांविरुद्ध मला लढायला लावू नका. त्याच्या पलटणीचं नाव आजही आपल्या आर्मीत आहे, स्किनर्स हॉर्स. दोघंही गेले, दोघांनाही पैसा आणि हुद्दा मिळाला, पण कोणाशी हात मिळवावासा वाटतो हे तू ठरव. पुढच्याच वर्षी होळकरांकडच्या व्हिकर्स, डॉड आणि रायन या तीन इंग्रज ऑफिसरांवर इंग्रज सेनापती लेकशी संधान बांधल्याचा, आपल्या लोकांविरुद्ध लढायला नकार दिल्याचा ठपका आला आणि यशवंतरावांनी तिघांची मुंडकी उडवली. तेव्हा ना जिनिव्हा होतं ना कन्फर्मेशन.

१९७१ मात्र नीट वाच, कारण तिथे कायद्याची एक सुंदर करामत आहे. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने कत्तल सुरू केली तेव्हा मेजर झियाउर रहमान चितगावला, ८ ईस्ट बंगाल रेजिमेंटमध्ये, बंदराकडे निघाले होते, बातमी कळली, मागे फिरले, बंगाली जवानांना घेऊन बंड केलं आणि स्वतःचे कमांडिंग ऑफिसर कर्नल जंजुआ यांना अटक केली, ते त्यात मारले गेले. खालेद मुशर्रफ, शफीउल्ला, असे बरेच ऑफिसर वेगवेगळ्या छावण्यांतून आपापल्या पलटणी घेऊन बाहेर पडले. आता बघ, त्या रात्री बांगलादेश नावाचं सरकार अस्तित्वात होतं का? सरकार बनलं १० एप्रिलला, शपथ झाली १७ ला. मग मधले पंधरा दिवस हे लोक पाकिस्तानी कायद्याने नुसते बंडखोर. म्हणून १० एप्रिलच्या जाहीरनाम्यात एक वाक्य घातलं की ही स्वातंत्र्याची घोषणा २६ मार्चपासून अमलात आली असं समजावं. त्या एका वाक्याने झियांपासून शेवटच्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर छत्र धरलं. तुझ्या काल्पनिक देशात शत्रूच्या सरकारने असं काही मागच्या तारखेने केलंय का ते फॅक्ट शीटमध्ये, म्हणजे मूटसाठी दिलेल्या केसच्या हकिकतीत, शोध.

आणि मतीउर रहमान. फ्लाइट लेफ्टनंट, बंगाली, कराचीच्या मसरूर बेसवर इन्स्ट्रक्टर. २० ऑगस्ट १९७१ ला विशीतला शिकाऊ पायलट रशीद मिनहास टी-३३ विमान घेऊन टॅक्सी करत होता, मतीउरने खूण करून थांबवलं, मागच्या कॉकपिटमध्ये चढले आणि विमान भारताकडे वळवलं. मिनहासने रेडिओवर कळवलं की विमान हायजॅक होतंय. ठठ्ठ्याजवळ विमान पडलं, दोघंही गेले. मिनहासला पाकिस्तानने निशान-ए-हैदर दिलं, मतीउरना बांगलादेशने बीर श्रेष्ठो, दोन्ही देशांचे सर्वोच्च सन्मान, एकाच कॉकपिटमधल्या दोन माणसांना. मतीउरना मसरूरमध्येच चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या कबरस्तानात पुरलं होतं, २००६ मध्ये त्यांचे अवशेष ढाक्याला नेले आणि सन्मानाने दफन केलं. ही केस वाचली की मला दर वेळी त्रास होतो. मतीउरना देशासाठी विमान हवं होतं यात मला शंका नाही, पण पुढच्या सीटवर बसलेला पोरगा त्यांचा विद्यार्थी होता, त्याने काय गुन्हा केला होता? बचावाचा वकील म्हणून मी मतीउरची बाजू घेईन, मनापासून घेईन, पण मिनहासचं नाव टाळून बोलणार नाही. तू टाळलंस तर समोरचा वकील तेवढंच नाव घेऊन बसेल.

गेल्यानंतर काय होतं हेही शिक्षेच्या युक्तिवादात कामाला येतं. नवी बाजू क्वचितच पूर्ण विश्वास टाकते. मोहनसिंग यांचं वर्षाच्या आतच जपान्यांशी फाटलं, डिसेंबर ४२ च्या शेवटी जपान्यांनीच त्यांना अटक केली. स्वातंत्र्यानंतर आझाद हिंदच्या ऑफिसरांना भारतीय सैन्यात परत घेतलं नाही, पेन्शनची योजना आली ती १९७२ मध्ये. बांगलादेशात मुक्तियुद्ध लढलेल्या ऑफिसरांना दोन वर्षांची जादा सिनियॉरिटी मिळाली, मग १९७३ मध्ये पाकिस्तानातून परतलेले बंगाली ऑफिसर आले आणि त्या दोन वर्षांवरून जी कुरबुर सुरू झाली ती त्या सैन्याला पुढे बरीच वर्षं पुरली. खुद्द झिया ३० मे १९८१ ला चितगावलाच लष्करी ऑफिसरांच्या हातून मारले गेले.

परदेशातली दोन नावं समोरची टीम नक्की आणणार. व्लासोव्ह, रशियन जनरल, १९४२ मध्ये जर्मनांच्या हाती सापडला, त्यांच्या बाजूने सैन्य उभं केलं, मे १९४५ मध्ये त्याच्याच एका डिव्हिजनने प्राग शहरात उलटून जर्मनांवर गोळ्या झाडल्या, तरी १ ऑगस्ट १९४६ ला मॉस्कोत फाशी. आणि बेनेडिक्ट अर्नोल्ड, वेस्ट पॉइंटचा किल्ला पैशासाठी इंग्रजांना विकायला निघालेला. अर्नोल्डबद्दल सगळे पैशाचं बोलतात, पण त्याच्या स्वतःच्या मुलुखात लोकांनी त्याला माफ न करण्याचं कारण सप्टेंबर १७८१ आहे. जन्मगावापासून थोड्याच अंतरावरचं न्यू लंडन त्याच्या हुकमाने जळलं, शेजारच्या ग्रिसवोल्ड किल्ल्यात शरण आलेल्या लोकांची कत्तल झाली. शेजारीपाजारी होते ते.

आझाद हिंदचा युक्तिवाद आजच्या भारतीय ऑफिसरला वापरता येईल का असंही तू विचारलंयस. माझ्या मते नाही. त्यांची शपथ परक्या राजाची होती, तो राजा त्यांनी निवडला नव्हता. आजची शपथ संविधानाशी आहे, तेच संविधान त्याला मत देतं, कोर्टात जायचा हक्क देतं, बेकायदा हुकूम नाकारायची जागा ठेवतं. बाजू बदलण्याआधी एवढे दरवाजे उघडे असताना कोणी कुंपण ओलांडलं तर भुलाभाईंचे शब्द त्याच्या तोंडी घालणं मला पटत नाही. म्हणून तुझ्या फॅक्ट शीटमधला देश वसाहत आहे की लोकशाही हे सगळ्यात आधी बघ, त्यावर निष्ठेचा मुद्दा घ्यायचा की नाही ते ठरेल. लोकशाही असेल तर निष्ठेचं सोडून दे आणि पूर्ण जोर स्वखुशी आणि वागणूक यावर लाव.

आता साक्षीदार. मुलं नेहमी मेजरला पिंजऱ्यात उभं करून भाषण करायला लावतात, ते करू नको. त्याच कॅम्पमध्ये असलेला आणि पलीकडे जायला नकार दिलेला एखादा सुभेदार किंवा हवालदार फॅक्ट शीटमध्ये असेल तर त्याला पहिला बोलव. त्याला विचार, मेजरसाहेब तिकडे गेल्यावर तुमच्या बराकीत आले होते का. आले तेव्हा काय बोलले, हात उचलला का, तुमचं नाव कोणाला दिलं का, रेशन कमी झालं की वाढलं. आजारी माणसाला दवाखान्यात हलवलं का. लढाईत आपली पलटण समोर आली तेव्हा त्यांनी फायरचा ऑर्डर दिला का, की बाजूच्या सेक्टरला बदली मागून घेतली. यातलं एक जरी उत्तर तुझ्या बाजूने आलं तर ते आधी रेकॉर्डवर घे आणि मगच फॅरर पार्कचं उदाहरण दे. आणि सगळी उत्तरं विरुद्ध जाणार असतील तर त्या हवालदाराला बोलवूच नको, तो निर्दोष आहे यावर जोर देत बसू नको, थेट शिक्षेवर बोल, कैदेतले महिने, त्याचं वय, मृत्युदंडाला लागणारी दोन तृतीयांश मतं, आणि पाचपैकी दोन सदस्य तरी आपल्याकडे ओढायचा प्रयत्न कर.